दवेची उघाडी : तापमान ओळखणारे पडदे आणि आपल्या घरातली औषधं

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. रोह्याला आमच्या नात्यातले एक बुजुर्ग आजारी होते. कॅन्सरच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून डॉक्टरांनी त्यांना खांद्याच्या मागे चिकटवायचा पॅच दिला होता. तीन दिवसांनी जुना काढायचा, नवा लावायचा. एका रात्री त्यांची पाठ आखडली. घरच्यांनी मायेनं गरम पाण्याची पिशवी भरून पाठीला लावली, वरून दोन गोधड्या घातल्या. पहाटे फजरच्या वेळेस सुनेनं हाक मारली तर चाचांना जाग येईना. श्वास अगदी संथ. पोरगी हुशार. तिनं आधी पिशवी बाजूला केली, मग पॅच काढला आणि रिक्षा बोलावली. अल्लाहच्या मेहरबानीनं चाचा वाचले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला सवाल हाच केला, "पॅचवर शेक दिला होता का?"

शेक दिला म्हणून दवा जास्त झाली, ही गोष्ट आम्हालाही नवीन होती. शाळेत विज्ञान शिकवतो, तरीसुद्धा. मग आम्ही या विषयावर वाचत गेलो. तेव्हा कळलं की जी उष्णता त्या रात्री चोरासारखी शिरली, तिलाच दवेची चौकीदार बनवायचं काम प्रयोगशाळांमध्ये पन्नासेक वर्षं चालू आहे. तापमान ओळखून आपोआप उघडणारे आणि मिटणारे पडदे बनवायचे आणि त्यांच्यामागे दवा ठेवायची, अशी ती कल्पना. त्यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. हे पडदे काय असतात, कसे चालतात, कुठवर आलेत आणि तोवर आपण घरात काय सांभाळायचं, ते इथे एकत्र मांडतो आहोत.

दवा किती, आणि किती वेगानं

आपण दवा मोजतो ती मिलिग्रॅममध्ये. पाचशेची गोळी, अडीचशेची गोळी. पण शरीराला आणखी एका गोष्टीशी मतलब असतो, ती म्हणजे दवा रक्तात किती वेगानं येते. साधी गोळी पोटात विरघळली की दवेचं प्रमाण भराभर चढतं आणि काही तासांत उतरतं. फार चढलं तर त्रास, फार उतरलं तर उपयोग नाही. या दोन रेषांच्या मध्ये दवा जितका वेळ राहील तितका इलाज चांगला.

म्हणून दवेला वेसण घालायची कल्पना आली. १९६४ मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं दाखवून दिलं की सिलिकॉन रबराच्या बंद नळीत दवा भरली तर ती रबराच्या भिंतीतून हळूहळू बाहेर पाझरत राहते. नळीला भोक नाही, तरी दवा येते. १९७९ मध्ये त्वचेवर लावायचा पहिला पॅच अमेरिकेत मंजूर झाला. तो गाडी लागणाऱ्यांसाठी होता. कानामागे चिकटवायचा आणि तीन दिवस मळमळ नाही. घाटात एसटीच्या खिडकीशी बसून लिंबू हुंगणाऱ्यांना याची किंमत कळेल.

अशा पॅचमध्ये दवा आणि त्वचा यांच्या मध्ये एक पातळ पडदा किंवा दवा धरून ठेवणारा चिकट थर असतो. वेग ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. पडद्यातून दवा किती जाईल याचा हिशेब जर्मन शास्त्रज्ञ अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्येच मांडला होता. दोन्ही बाजूंच्या प्रमाणात फरक जितका मोठा तितका वेग जास्त, पडदा जितका जाड तितका वेग कमी. यात तापमानाचाही हात असतो. आम्ही वर्गात दोन ग्लास घेतो, एकात थंड पाणी, एकात गरम. दोन्हींत पोटॅशियम परमँगनेटचा एकेक कण टाकतो. गरम पाण्यात जांभळा रंग भराभर पसरतो. चाचांच्या खांद्यावर हेच झालं होतं. शेकामुळे पॅचमधून दवा लवकर सुटली, त्वचेतून लवकर शिरली आणि तिथलं रक्त जोरात वाहू लागल्यानं लवकर अंगभर गेली.

म्हणजे साध्या पॅचच्या पडद्याला अक्कल नसते. गरमी वाढली की तो जास्त दवा सोडतो, मरीजाला ती हवी असो वा नसो.

खारेपाटातली उघाडी

अक्कल असलेला दरवाजा कसा असतो, हे पाहायला पेणकरांना लांब जायला नको. धरमतर खाडीच्या काठाला वाशी, शिर्की या बाजूला खारेपाटाचे बांध आहेत. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून ते घातलेले. पण पावसाचं पाणी तर शेतातून बाहेर जायला हवं. म्हणून बांधात उघाडी ठेवतात. तिची झडप वरच्या बाजूला टांगलेली असते आणि खाडीच्या बाजूला उघडते. भरती आली की पाण्याचाच दाब झडप मिटवतो. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. तिथे कुणी माणूस उभा नसतो, वीज नसते, चावी नसते. ज्या पाण्याला अडवायचं तेच पाणी दरवाजा लावतं.

उघाडी बिघडली तर काय होतं, हे खारेपाटातल्या शेतकऱ्याला विचारा. एकदा खारं पाणी घुसलं की पुढची कैक पिकं हातची जातात.

तापमान ओळखणारा पडदा म्हणजे दवेची उघाडी. फरक एवढाच की इथे झडप लाकडाची किंवा लोखंडाची नाही, पॉलिमरच्या साखळ्यांची आहे आणि तिला हलवणारी गोष्ट पाण्याचा दाब नसून उष्णता आहे.

थंडीत फुगणारा, गरमीत आक्रसणारा पदार्थ

पॉलिमर हा शब्द रोहा तालुक्याला नवा नाही. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन बनतं. आपल्या किती घरांतली माणसं तिथे आणि धाटावच्या एमआयडीसीत कामाला आहेत. छोटे छोटे रेणू मण्यांसारखे ओवून झालेली लांब साखळी म्हणजे पॉलिमर. बादली, पिशवी, दोरी यांतल्या साखळ्या पाण्याला जवळ करत नाहीत. पण काही साखळ्या पाण्यावर प्रेम करतात. त्या एकमेकींना अधूनमधून बांधल्या तर पाणी पिऊन फुगणारी जाळी तयार होते. तिला हायड्रोजेल म्हणतात.

हायड्रोजेल समजायला इफ्तारचा सरबताचा ग्लास पुरे. त्यातला सब्जा बघा. कोरडा असतो तेव्हा काळा बारीक दाणा, पाण्यात टाकला की भोवती पारदर्शक गोळा. पाणी त्या गोळ्यात अडकून राहतं. सब्जा मात्र तापमानाची विशेष पर्वा करत नाही. चायना ग्रास करतो. गरम केला की वितळतो, गार झाला की जमतो. आपल्याला इथे हवा आहे तो पदार्थ याच्या उलट मिजाजाचा.

असा एक पदार्थ आहे. त्याचं नाव लांबलचक, पॉली-एन-आयसोप्रोपिल-अॅक्रिलअमाइड. प्रयोगशाळेतले लोक सोयीसाठी पीनायपॅम म्हणतात. त्याचं पाण्यातलं वागणं हेस्किन्स आणि गिलेट या दोघांनी १९६८ मध्ये नीट मोजून मांडलं. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली तो पाण्यात सुखानं विरघळतो, द्रावण स्वच्छ दिसतं. ३२ ओलांडले की द्रावण एकदम दुधाळ होतं. गार केलं की पुन्हा स्वच्छ. अंडं उकडलं की पांढरं होतं, पण परत कच्चं होत नाही. इथे तसं नाही, हा खेळ कितीही वेळा करता येतो.

कारण असं. या साखळीत दोन स्वभावांचे भाग आहेत. एक पाण्याशी हात मिळवणारा, दुसरा तेलकट, पाण्यापासून तोंड फिरवणारा. थंडीत पाण्याचे रेणू साखळीभोवती शिस्तीत उभे राहतात आणि तेलकट भागालाही सांभाळून घेतात. तापमान वाढलं की पाण्याच्या रेणूंची धावपळ वाढते, ती शिस्त मोडते. मग तेलकट भाग एकमेकांना बिलगतात, पाणी बाहेर फेकलं जातं आणि साखळी गोळा होऊन बसते. जेल असेल तर ते आक्रसतं. जेल असं एकाएकी मोठ्या प्रमाणात फुगू आणि आक्रसू शकतं, हे अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये काम करणाऱ्या तोयोइची तानाका यांनी १९७८ मध्ये दाखवलं आणि या विषयाला जोर आला.

३२ हा आकडा जादूचा वाटतो, पण तो हलवता येतो. साखळीत पाणीप्रेमी मणी थोडे जास्त ओवले की आकडा वर सरकतो, तेलकट मणी ओवले की खाली उतरतो. हे महत्त्वाचं आहे. शरीराचं तापमान ३७. शुद्ध पीनायपॅम शरीरात ठेवला तर तो कायम आक्रसलेलाच राहील, त्याला फुगायची संधीच नाही. म्हणून कामाप्रमाणे आकडा ३८, ४० असा वर न्यावा लागतो.

दोन प्रकारचे दरवाजे

इथे वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. एकाच पदार्थापासून दोन उलट दरवाजे बनतात.

पहिला प्रकार : पूर्ण पडदाच जेलचा. थंडीत जेल फुगलेलं, जाळी सैल, दवा तिच्यातून सहज जाते. गरम झालं की जेल आक्रसतं. आधी बाहेरचा थर घट्ट होतो, त्याची साय धरल्यासारखी होते आणि दवा आत कोंडली जाते. हा दरवाजा गरमीत मिटतो.

दुसरा प्रकार : पडदा साध्या, घट्ट प्लॅस्टिकचा, त्याला सूक्ष्म भोकं. भोकांच्या आतल्या भिंतीवर पीनायपॅमच्या साखळ्या रुजवलेल्या, शेवाळ रुजावं तशा. थंडीत साखळ्या फुगून भोक बुजवतात. गरम झालं की त्या भिंतीला चिकटून बसतात आणि भोक मोकळं होतं. हा दरवाजा गरमीत उघडतो.

आता या दोन दरवाजांचा उपयोग बघा. ज्या आजारात ताप चढल्यावर किंवा सूज येऊन एखादा भाग गरम झाल्यावर दवा हवी, तिथे दुसरा दरवाजा लागेल. आणि जिथे शेकानं, तापानं दवा जास्त सुटण्याचा धोका आहे, तिथे पहिला. चाचांच्या पॅचला असा मिटणारा पडदा असता तर पिशवीच्या गरमीनं दवा वाढायच्या ऐवजी अडली असती. गरमी तीच, दरवाजा वेगळा.

तिसरी तऱ्हा या दोन्हींतून निघते. पडदा शरीरात ठेवायचा आणि हवं तेव्हा बाहेरून तेवढाच भाग गरम करायचा. २००९ मध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी असा पडदा बनवून दाखवला. त्यात पीनायपॅमचे अतिसूक्ष्म जेल-कण होते आणि सोबत लोहचुंबकीय खनिजाचे कण. बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं की लोहकण तापतात, जेल-कण आक्रसतात, पडद्यात वाट मोकळी होते. क्षेत्र बंद केलं की वाट पुन्हा बंद.

पुण्याचं काम

हे सगळं परदेशातच झालं असं नाही. पुण्याच्या पाषाण भागात १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. गोव्यातल्या माशेलला जन्मलेले, मुंबईत गरिबीत वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात तिचे संचालक होते. १९९० च्या दशकात त्यांनी, डॉ. आशिष लेले आणि डॉ. मनोहर बडिगेर यांच्यासारख्या सहकाऱ्यांसोबत, तापमानानं फुगणाऱ्या आणि आक्रसणाऱ्या जेलवर काम केलं. साखळी आणि पाणी यांच्यातले हायड्रोजन बंध लक्षात घेऊन जेल कोणत्या अंशाला आक्रसेल याचं गणित त्यांनी बसवलं. कोणते मणी ओवले तर तो अंश कुठे सरकेल, याचाही अभ्यास केला. वर सांगितलेला "आकडा हलवता येतो" हा मुद्दा अंदाजावर न सोडता हिशेबात आणायचं हे काम होतं. डॉ. लेले २०२१ पासून त्याच प्रयोगशाळेचे संचालक झाले.

खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रानं किरणांच्या मदतीनं हायड्रोजेल बनवून भाजलेल्या जखमांवर लावायची पट्टी तयार केली. ती तापमान ओळखणारी नव्हे, पण जेल हा प्रयोगशाळेतून निघून मरीजाच्या अंगाला लागू शकतो, याचं ते जवळचं उदाहरण.

मरीजापर्यंत काय पोहोचलं

प्रामाणिकपणे सांगायचं तर पीनायपॅमचा पडदा लावलेला पॅच पेणच्या किंवा रोह्याच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मुंबईतही नाही. पण त्याची भावंडं दवाखान्यात आली आहेत किंवा दारापर्यंत येऊन परत गेली आहेत.

एक भावंड म्हणजे चरबीच्या रेणूंची अतिसूक्ष्म पिशवी, लायपोसोम. तिची भिंत म्हणजे पडदाच. काही चरबी ठरावीक अंशाला मऊ होते, जसं तूप हातावर घेतल्यावर. १९७८ मध्येच अमेरिकी शास्त्रज्ञांनी सुचवलं होतं की अशा पिशवीत कॅन्सरची दवा भरून रक्तात सोडावी आणि गाठ तेवढी बाहेरून गरम करावी, म्हणजे दवा तिथेच सांडेल. या कल्पनेवर सुमारे ४० अंशांच्या पुढे फुटणारं एक औषध तयार झालं. यकृताच्या कॅन्सरच्या ७०१ मरीजांवर त्याची मोठी चाचणी झाली. जानेवारी २०१३ मध्ये निकाल आला, अपेक्षित फायदा दिसला नाही. पुढची चाचणीही यशस्वी ठरली नाही.

दुसरं भावंड यशस्वी झालं. गार असताना पातळ आणि शरीराच्या उबेत घट्ट होणारं जेल. लघवी जिथून मूत्रपिंडाबाहेर पडते त्या वाटेत दवा टाकली तर ती वाहून जाते. म्हणून कॅन्सरची दवा अशा जेलमध्ये मिसळून, गार करून, नळीनं आत सोडतात. आत जाऊन ती जमते, तिथेच थांबते आणि काही तास दवा देते. अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये याला मंजुरी मिळाली.

अडलंय कुठे

पडदे अजून प्रयोगशाळेत का, याची कारणं साधी आहेत.

एक, निरोगी आणि तापलेलं शरीर यांत फरक दीड-दोन अंशांचा. एवढ्याशा फरकावर दरवाजा पक्का उघडला पाहिजे आणि पक्का मिटला पाहिजे. अर्धवट उघडी झडप खारेपाटात जशी धोक्याची, तशी इथेही.

दोन, वेग. जेल फुगायला आणि आक्रसायला लागणारा वेळ त्याच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी केली तर वेळ चौथाई होतो. म्हणून पडदा फार पातळ हवा. पण पातळ पडदा फाटतो.

तीन, पीनायपॅम शरीरात सहजी विघटित होत नाही आणि तो ज्या मण्यांपासून बनतो ते सुटे मणी विषारी असतात. ते एकही न उरता काढून टाकावे लागतात. म्हणून शरीरात विरघळून जाणारे दुसरे पदार्थ शोधणं चालू आहे.

चार, आपल्या हवामानाचा सवाल. ज्या पडद्याला खोलीचं तापमान म्हणजे २० अंश असं गृहीत धरून बनवलं, तो मे महिन्यात पेणच्या पत्र्याच्या छपराखाली कसा वागेल? तिथे दुपारी पारा ३५ च्या वर सहज जातो. चाचणी आपल्या गरमीत व्हायला हवी, हे सांगणारे लोक आपल्यातूनच पुढे आले पाहिजेत. बारावीनंतर फार्मसी किंवा केमिकल घ्यावं की नाही असं विचारणाऱ्या मुलामुलींना आम्ही हेच सांगतो. नागोठणे आणि धाटावकडे नोकरीच्या नजरेनं तर बघाच, पण तिथल्या साखळ्यांचं शास्त्र शिकून इथल्या उन्हाला उत्तर देणारी दवाही तुम्हीच बनवू शकता.

तोवर आपल्या घरात

हुशार पडदे येतील तेव्हा येतील. आज आपल्या कपाटात आहेत ते साधे पडदे. त्यांची राखण माणसालाच करावी लागते.

पॅच असेल तर : त्यावर शेक, गरम पिशवी, विजेची चादर, उन्हात पाठ करून बसणं, सगळं बंद. वेदनाशामक फेंटानिलच्या पॅचबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ आणि पुन्हा २००७ मध्ये जाहीर इशारा दिला होता. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलं तर रक्तातली दवा सुमारे एक तृतीयांशानं वाढू शकते, असा हिशेब त्याच्या माहितीपत्रकात असतो. म्हणून अशा मरीजाला ताप आला तरी डॉक्टरांना कळवायचं. मरीज सुस्त झाला, श्वास मंद झाला तर पॅच काढा आणि लगेच दवाखाना गाठा. पॅच काढल्यानं काम संपत नाही, कारण त्वचेखाली साचलेली दवा पुढे कित्येक तास रक्तात येत राहते. काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

गोळी असेल तर : नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं दिसली की ती हळू सुटणारी गोळी समजा. ती कुटायची नाही, चावायची नाही. शुगरच्या मेटफॉर्मिनच्या अशा गोळ्यांत पोटात फुगणारा पदार्थ असतो, सब्जासारखा. तो जेल बनून दवेला धरून ठेवतो. गिळायला जड जाते म्हणून अम्मीला गोळी कुटून मधात देणं म्हणजे उघाडी तोडून टाकणं. दिवसभराची दवा एकदम सुटते. मधोमध रेघ असेल तरी अर्धी करण्याआधी फार्मासिस्टला विचारा. कधी शौचात गोळीचं टरफल दिसतं. घाबरू नका. दवा गेलेली असते, रिकामा पडदा बाहेर आलेला असतो.

इन्सुलिन असेल तर : न उघडलेली बाटली किंवा पेन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये मात्र नको. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालतं. नेमका आकडा आपल्या डब्यावर वाचा. वीज गेली की लोक मडक्याची युक्ती करतात. ती कोरड्या मुलखात चांगली चालते, कारण तिथे पाणी भराभर उडतं आणि मडकं गार होतं. आपल्या कोकणातल्या दमट हवेत पाणी तेवढं उडत नाही, म्हणून मडकं तेवढं गारही होत नाही. त्यात एक साधा थर्मामीटर ठेवून बघा आणि मगच भरवसा ठेवा. सुई टोचलेल्या जागी लगेच शेक किंवा जोरात मालिश नको. तिथेही गरमीनं इन्सुलिन लवकर शोषलं जातं आणि शुगर एकदम खाली येऊ शकते.

प्रवासात असाल तर : दवेची पिशवी गाडीच्या डिकीत किंवा डॅशबोर्डवर ठेवू नका. उभ्या गाडीत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त गरम होतं.

रमजानमध्ये

रोजे आले की दवेच्या वेळांचा सवाल घरोघरी निघतो. तीन वेळची गोळी दोन वेळांवर आणायची तर डॉक्टर अनेकदा हळू सुटणारी गोळी देतात. हा बदल रमजानच्या आधी काही आठवडे डॉक्टरांकडे जाऊन करून घ्यावा. सहरीला दोन गोळ्या एकदम घेऊन दिवस काढणं हा मार्ग नव्हे.

पॅचनं रोजा तुटतो का, असंही विचारतात. १९९७ मध्ये मोरोक्कोतल्या कासाब्लांका इथे उलेमा आणि डॉक्टरांची एक परिषद झाली. त्वचेतून शोषल्या जाणाऱ्या औषधांनी, त्यात पॅचही आले, रोजा तुटत नाही, असं मत तिथे दिलं गेलं. आपल्या आलिमांना विचारून खात्री करून घ्या. पण कुणालाही न विचारता वेदनेचा किंवा हृदयाचा पॅच काढून ठेवू नका.

शेवटी

चाचा त्या रात्रीनंतर आठ महिने आपल्या माणसांत राहिले. त्यांच्या सुनेनं पॅचच्या खोक्यावर जाड पेनानं मराठीत आणि उर्दूत लिहून ठेवलं होतं, "यावर शेक नाही." घरात कुणी नवीन सेवेला बसलं की ती आधी तो खोका दाखवायची. खारेपाटात उघाडी कितीही चांगली असली तरी भरतीच्या रात्री कुणीतरी बांधावर चक्कर मारून येतंच. तिची चक्कर त्या दोन ओळींची होती. आपल्या कपाटातली पाकिटं आज एकदा काढून बघा. ज्यावर अशा दोन ओळी लिहायला हव्यात, त्यावर लिहून ठेवा.